उसवण्याला स्टिकर नव्हता

माझ्या केबिनमधल्या लोखंडी कपाटावर पाच लिटरचा एक प्रेशर कुकर आहे, खोक्यासकट. त्याची शिट्टी आजवर कुणी ऐकलेली नाही. नवीन माणूस आला की हमखास विचारतो, "म्याडम, हा घरी न्यायचा राहिला वाटतं?" मी हो म्हणते. खरं सांगायला बसलं तर समोरचा चहा गार होईल. कुकर तसा रिकामाही नाही. आत चार घड्या घातलेला एक कागद आहे आणि त्या कागदावर अर्धी सही आहे.

आमचा कारखाना शाळेच्या गणवेशांचा. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, फार तर टॉवेल. पण कुठल्या कुठल्या गावांतली पोरं आमच्याकडचे शर्ट घालून प्रार्थनेला उभी राहतात, ते त्या पोरांनाही ठाऊक नसतं. शिलाईच्या हॉलमध्ये साठेक बायका चार रांगांत बसतात. एकीनं खिसा लावायचा, दुसरीनं बाही, तिसरीनं कॉलर, आणि शेवटी काज-बटण. त्या हॉलला लागून काचेची एक खोली आहे, तिथे मी बसते. दारावर 'मनुष्यबळ अधिकारी' अशी पाटी आहे, हॉलमध्ये एचआर म्याडम म्हणतात. मला शिलाई येत नाही. साडीला फॉल लावायलासुद्धा मी बाहेर देते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे. काचेआडून शिलाई बघणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, आणि माझा उंट तर एसीत बसलेला.

आमचे मालक माझ्याहून वयानं लहान. वडिलांच्या काळापासूनच्या बायका हॉलमध्ये असल्यामुळे ते अजून 'धाकटे शेठ'च आहेत. एका वर्षी ते पुण्याला दोन दिवसांच्या कसल्याशा शिबिराला गेले आणि येताना डोक्यात किडा घेऊन आले. "पगार दिला की माणूस कामावर येतो, म्याडम. पण मनापासून करायला बक्षीस लागतं." वाक्य चांगलं होतं, त्यांचं नव्हतं, पण चांगलं होतं. मला म्हणाले, बक्षिसाची पद्धत तुम्ही बसवा, दसऱ्यापर्यंत निकाल दिसला पाहिजे.

बक्षिसाच्या बाबतीत आमचा इतिहास फार उज्ज्वल नव्हता. आधी एकदा मी वर्षभर रजा न घेतलेल्या बायकांना चादरी वाटल्या होत्या. सोलापुरात चादर बक्षीस देणं म्हणजे मंगळवेढ्याच्या पाहुण्याला ज्वारीचं पोतं भेट देणं. मी स्वतः मंगळवेढ्याची, मला तरी कळायला हवं होतं. त्या बायकांपैकी निम्म्यांच्या घरी चादरीच विणल्या जात होत्या. एकीनं माझ्यादेखत चादरीची कड दोन बोटांत धरून पाहिली, "बरी हाय," म्हणाली आणि घडी घातली.

तरी मला बक्षिसं द्यायला आवडायचं. त्याचं कारण माझी आई. तिनं मला जन्मात कधी तोंडानं शाबासकी दिली नाही. दहावीचा निकाल घेऊन आले त्या दिवशीही नाही. तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा वरचा पापुद्रा तेवढा त्या दिवशी माझ्या ताटात आला, भावाच्या नाही. तीच शाबासकी, आणि ती मला तेव्हा पुरली नव्हती. चार माणसांत नाव घेतलं जावं, टाळ्या वाजाव्यात, असं फार वाटायचं. आपल्याला जे मिळालं नाही ते आपण दुसऱ्याला द्यायला जातो, आणि त्याला ते हवंय का हे विचारायचं राहून जातं.

पद्धत मी अशी बसवली. कापलेल्या कापडाचा प्रत्येक गठ्ठा हॉलमध्ये येतो तेव्हा त्याबरोबर छोट्या स्टिकरांची एक पट्टी असते. खिशाचा एक स्टिकर, बाहीचा एक, कॉलरचा एक, काजाचा एक. बाईनं आपल्या वाट्याचं काम केलं की आपला स्टिकर काढायचा आणि मशीनजवळ खिळ्याला अडकवलेल्या आपल्या कार्डावर चिकटवायचा. पूर्वी हे स्टिकर अख्ख्या रांगेचे मिळून मोजले जात. मी ते एकेकीचे मोजायला लावले. पगार ठरलेला होता, त्याला धक्का नव्हता. कामं कमी-जास्त वेळेची असतात म्हणून प्रत्येक स्टिकराला गुण ठेवले, महिनाअखेर बेरीज, आणि पहिली येईल तिला बक्षीस. पहिल्या महिन्याला जेवणाचा डबा, दुसऱ्याला पाण्याचा मोठा जग, आणि तिसऱ्याला कुकर. तो खंडेनवमीला, मशीनच्या पूजेच्या दिवशी, सगळ्यांसमोर द्यायचा.

इथपर्यंत ठीक होतं. पण शेठ म्हणाले, फक्त पहिलीचं नाव कशाला, पूर्ण यादी लावा, पहिलीपासून शेवटचीपर्यंत. त्यानं ईर्षा वाढते. मी पाण्याच्या कूलरशेजारी बोर्ड ठोकला आणि यादी लावली.

पहिल्या महिन्यात होटगीहून येणारी बाहीवाली पहिली आली. तिशीतली, हडकुळी, हात असे चालायचे की मशीनलाच दम लागावा. तिनं डबा घेतला आणि म्हणाली, "म्याडम, डबा न्हाय, मला तो कुकर पायजे. घरच्याची रिंग गेलीया, शिट्टीच हुत न्हाय." कुकर तेव्हाच आणून कपाटावर ठेवला होता. दुसऱ्या महिन्यातही तीच पहिली आली. जग न्यायला आली तेव्हा कुकरच्या खोक्यावरची धूळ पदरानं पुसून गेली.

आणि दोन्ही महिने यादीत शेवटचं नाव अक्कांचं होतं.

अक्का कॉलर लावायच्या. तेलुगू घरातल्या, शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्या, साठीला टेकलेल्या. तेलुगूत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, पण आमच्या हॉलमध्ये ते एक पद होतं. कॉलर म्हणजे शर्टातलं सगळ्यात कटकटीचं काम. दोन्ही टोकं सारखी आली पाहिजेत, नाहीतर पोरगं वर्षभर मान वाकडी करून फिरल्यासारखं दिसतं. हॉलमधल्या जवळजवळ प्रत्येकीला मशीनवर बसायला अक्कांनी शिकवलं होतं. आताशा त्यांचा उजवा अंगठा दुखायचा, हात मंदावला होता, पण त्या शेवटच्या येण्याचं खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की दर थोड्या वेळानं हॉलमध्ये कुठून तरी हाक यायची, "अक्का, हितं या की!" मग अक्का उठायच्या, त्या पोरीच्या मशीनशी जायच्या, बिघडलेलं हातात घ्यायच्या आणि आपल्या कात्रीनं उसवायला लागायच्या. कात्री त्यांची स्वतःची, सासूकडून आलेली, मुठीला सुती चिंधी गुंडाळलेली. उसवून, पुन्हा लावून दाखवून त्या परत येईपर्यंत त्यांच्या स्वतःच्या मशीनवर गठ्ठा तसाच पडून असायचा.

माझ्या पद्धतीत खिशाला स्टिकर होता, बाहीला होता, काजाला होता. उसवण्याला स्टिकर नव्हता. मला सुचलाच नाही.

दुसरी यादी लागली त्या दिवशी शेठ केबिनमध्ये येऊन बसले. "जी सलग तीन महिने शेवटची येईल तिला दिवाळीनंतर कमी करू. बक्षीस आहे तसं हेही पाहिजे." मी म्हटलं, "अक्का आहेत त्या." ते म्हणाले, "मला आईसमान आहेत. पण आकडा आकडा आहे ना, म्याडम. पद्धत तुम्हीच बसवलीय." यावर मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते. घरी आरशासमोर भांग काढताना मध्येच आठवतं आणि कंगवा थांबतो.

मला राग आला की तो योग्य माणसावर निघत नाही, हा माझा जुना दोष. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी हॉलमध्ये गेले. अक्का हात धुवायला बाहेर गेल्या होत्या. होटगीवाली भाकरीवर शेंगाची चटणी घेऊन बसली होती, तिच्यासमोर काज करणारी भाभी बसली होती. मी तिथेच उभी राहून सगळ्यांवर कडाडले. "तुमचं काही बिघडलं की अक्का, काही अडलं की अक्का! त्यांनी स्वतःचं काम कधी करायचं? दोनदा शेवटच्या आल्यात. तिसऱ्यांदा आल्या तर घरी बसतील, समजलं का? आजपासून कुणी त्यांना हाक मारायची नाही!"

होटगीवालीच्या हातातला घास हातातच राहिला. मी तरातरा केबिनमध्ये परत आले आणि वाटलं, बरं झालं, एकदाचं सांगितलं.

त्या दिवसापासून हाका बंद झाल्या. मशीनचा घरघराट तेवढा राहिला. माझ्या काचेतून अक्का दिसायच्या. अधूनमधून मान वर करून त्या रांगांवरून नजर फिरवायच्या, कुणी बघतंय का पाहायच्या, आणि पुन्हा खाली. कुणी बघायचं नाही. मी ठणकावून सांगितलं होतं ना! मला वाटायचं, चला, निदान त्यांचं काम तरी होतंय. मागच्या कोपऱ्यात दुरुस्तीच्या शर्टांची पोती रचली जायला लागली होती, ती मात्र काचेतून दिसत नव्हती.

तिसऱ्या महिन्याची बेरीज खंडेनवमीच्या तीन दिवस आधी निघाली. शेठ धावतच आले. "म्याडम, बघा! शेवटची होती ती पहिली आली! याला म्हणतात पद्धत!" कॉम्प्युटरवर अक्कांचं नाव सगळ्यात वर होतं. होटगीवाली सातवी. शेठ इतके खूश की त्यांनी यादी लगेच बोर्डावर लावायला लावली आणि शाळांच्या दोन संस्थाचालकांना पूजेला यायचं आमंत्रणही देऊन टाकलं. म्हणाले, तुम्ही भाषणात सांगायचं, साठीची बाई मनात आणलं तर काय करू शकते.

ते गेल्यावर मी अक्कांची कार्डं मागवली. कॉलरचे गुण मी ठरवले होते, त्यामुळे एवढं मला कळत होतं की दोन हातांनी एवढ्या कॉलरी होत नाहीत. कार्डं समोर पसरली आणि मी पाहातच राहिले. कॉलरचे स्टिकर होते, पण त्यांच्यामध्ये बाहीचे होते. खिशाचे होते. काजाचे होते. ज्या बाईनं जन्मात काजाच्या मशीनला हात लावला नाही, तिच्या कार्डावर काजाचे स्टिकर.

मी भाभीला आत बोलावलं. दार लावलं आणि कार्ड पुढे केलं. तिनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "मैं तो दोच दी, म्याडम. रोज के दो. अक्का आखरी में नै आना करके. औरां बी देरे करके मेरे को क्या मालूम?" तिला खरंच माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. प्रत्येकीनं आपल्या मनाशी ठरवलं होतं की आपण गुपचूप दोन-तीन चिकटवावेत, तेवढ्यानं अक्का शेवटून दुसऱ्या होतील, कुणाला कळणार नाही. अक्का पाणी प्यायला उठल्या की एक जायची, जेवायला गेल्या की दुसरी. अशा एकोणीस जणी निघाल्या. सगळ्यांत जास्त स्टिकर बाहीचे होते. होटगीवालीनं कुकर असा थोडा थोडा करून देऊन टाकला होता.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग घाम फुटला. कारण हे शेठना सांगितलं तर एकोणीस जणी लबाड ठरणार होत्या, आणि नाही सांगितलं तर अक्कांना पाहुण्यांसमोर उभं राहून न केलेल्या कामाचं बक्षीस घ्यावं लागणार होतं.

मी दोन दिवस काहीच केलं नाही. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी अक्का स्वतःच आल्या. आत येऊन बसल्या नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

"यादीत चूक हाय, म्याडम. ते माझं नाही."

"बसा ना, अक्का."

"मी रोज मोजते. मशीनखाली खडूनं रेघा मारते, पहिल्यापासून सवय. माझं काम किती, मला ठाऊक हाय." मग म्हणाल्या, "पोरींनी दिलं. मी काय आंधळी? काज चिकटवलंय माझ्या कार्डाला."

"त्यांना तुमची काळजी वाटली, अक्का. माया आहे म्हणून दिलं."

"माया?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझीच मान खाली गेली. "माया हाय तर हाक का मारत नाहीत? महिना झाला, एक पोरगी बोलवत नाही. काल पलीकडच्या रांगेत एकीची कॉलर फिरली. मला इथून दिसतं. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि खाली घातली मान. पोत्यात टाकली कॉलर. मी बसून बघते." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण खुर्चीवरची बोटं पांढरी झाली होती. "मी काय केलं त्यांना, म्याडम? माझं काय चुकलं?"

तेव्हा मला कळलं, मी काय करून ठेवलं होतं ते. शेवटचा नंबर त्यांनी दोनदा मुकाट गिळला होता. उसवायला कुणी बोलवत नाही, हे त्यांना गिळता येत नव्हतं. आणि ते मी केलं होतं, त्यांना वाचवायला म्हणून.

मी म्हटलं, "मीच सांगितलं त्यांना. हाक मारू नका म्हणून. तुमचं काम मागे पडतं म्हणून."

अक्कांनी खुर्चीची पाठ सोडली. मग म्हणाल्या, "तेच माझं काम होतं, अम्मा." इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अम्मा म्हटलं नव्हतं. घरातल्या लेकीशी बोलावं तसं म्हणाल्या, आणि ते मला मारापेक्षा जास्त लागलं.

नंतर त्यांनी अर्ज लिहून मागितला. मराठी त्यांना बोलता येई, लिहिता येत नसे. "काम सोडते, एवढंच लिवा. कारण लिवू नका." मी समजावून पाहिलं, मग रागावून पाहिलं. त्या तशाच उभ्या. शेवटी माझ्याच अक्षरात त्यांचा राजीनामा मी लिहिला. सहीसाठी पेन पुढे केलं तर म्हणाल्या, "उद्या पूजा. पूजेच्या तोंडावर नको. दसरा होऊ दे, येऊन करते."

त्या संध्याकाळी मी शेठकडे गेले. कार्डं घेऊन गेले आणि सगळं सांगितलं, माझ्या कडाडण्यासकट. अपेक्षेप्रमाणे ते उसळले. "एकोणीस जणींनी फसवलं मला? आणि मी पाहुणे बोलावून बसलोय!" मी म्हटलं, "शेठ, जरा मागच्या कोपऱ्यात चला." दुरुस्तीची पोती मीही त्या दिवशी दुपारीच पहिल्यांदा नीट पाहिली होती. पूर्वी महिन्याला दोन निघायची. आता भिंतीला टेकून अकरा होती. शेठनी एकातून शर्ट काढला, दुसरा काढला, तिसरा काढला. कॉलरी वाकड्या, बाह्या चुण्या पडलेल्या. मी म्हटलं, "अक्का उठत होत्या तेव्हा हे होत नव्हतं. आपण त्यांच्या उठण्याची बेरीज धरलीच नाही. चूक त्यांची नाही, माझी आहे." ते पोत्यावरच बसले. म्हणाले, "शिबिरात हे कुणी सांगितलं नाही हो." त्या माणसाबद्दल मला त्या दिवसापासून आदर आहे. दुसरा असता तर पोतं माझ्याच डोक्यावर घातलं असतं.

खंडेनवमीला हॉल धुतलेला होता. मशीन पुसून तेल दिलेल्या, प्रत्येकीला हळदकुंकवाची बोटं, झेंडूची माळ. आमच्याकडे रीत अशी की प्रत्येक बाई आपली कात्री आपल्या मशीनवर पूजेला ठेवते. एकदा ठेवली की दसरा उलटेपर्यंत तिला हात लावायचा नाही. कामावर परत आल्यावर नमस्कार करून उचलायची. भाभीसुद्धा ठेवते. पूजा करत नाही, पण कात्री पुसून, फूल वाहून ठेवते. मी रांगांमधून चालत गेले. अक्कांच्या मशीनवर माळ होती, कुंकू होतं, नारळ होता. कात्री नव्हती. ती त्यांच्या पिशवीत होती, हे मला पिशवी न उघडता कळलं. जिला परत यायचं नाही ती कात्री ठेवेल कशाला?

पाहुण्यांना शेठनी पेढे देऊन लवकर वाटेला लावलं. मग मी बोलायला उभी राहिले. भाषण लिहून आणलं होतं, ते काढलंच नाही. म्हटलं, "यादी चुकीची होती. तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे. हाका बंद करायला मी सांगितलं, तेही चुकलं." आणि जाऊन कूलरशेजारच्या बोर्डावरची यादी काढली. टाळी कुणी वाजवली नाही. कुकर होटगीवालीपुढे धरला तर ती दोन पावलं मागे सरली. "अक्काचा हाय त्यो." अक्कांकडे पाहिलं तर त्यांनी नुसती मान हलवली, नको. मी तो परत कपाटावर ठेवला. नंतर पद्धत बदलली, आता मोजणी रांगेची होते आणि पोती जितकी कमी तितकं बक्षीस मोठं, सगळ्यांना मिळून. पण ते पुढचं. त्या दिवशी माझ्यापाशी पद्धत नव्हती, नुसता टेबलावर एक अर्ज होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का वेळेवर आल्या, पण हॉलमध्ये गेल्या नाहीत. पिशवी खांद्याला तशीच ठेवून सरळ माझ्याकडे आल्या. बाहेर बायका कात्र्या उचलत होत्या, कपाळाला लावत होत्या. मशीन एकेक करून सुरू होत होत्या. मी अर्ज पुढे सरकवला. अक्कांनी चष्मा लावला, पेन धरलं, अंगठा दुखला म्हणून बोटं जरा बदलली आणि सही करायला लागल्या. सही तेलुगूत. गोल गोल अक्षरं, सावकाश, टीप घालावी तशी. मी त्या पेनाकडे बघत होते आणि डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून जीभ चावून धरली होती.

"अक्काऽऽ!"

होटगीवालीचा आवाज. मशीनच्या आवाजावरून, काचेतून, दारातून थेट आत आला. "अक्का, हितं या की! ही कॉलर बगा, लई वाकडी आलीया!"

अक्कांचं पेन थांबलं. त्यांनी दाराकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. कागदाकडेच बघत राहिल्या. हॉलमधल्या मशीन एकेक करून बंद पडल्यासारख्या झाल्या. मग दुसरी हाक आली, तिच्यामागून भाभीची, मग आणखी कुणाची.

त्यांनी पेन खाली ठेवलं. टोपण लावून ठेवलं. आणि गेल्या.

मीही मागोमाग गेले. होटगीवाली बाहीवाली, कॉलर तिचं काम नव्हेच. कुणाची तरी घेऊन बसली होती. अक्कांनी ती हातात घेतली. मी आजवर एकही शर्ट शिवलेला नाही, पण त्या कॉलरीची दोन्ही टोकं मलासुद्धा सारखी दिसत होती. अक्कांनी ती उलटी केली, सुलटी केली, खिडकीच्या उजेडाला धरली. मग होटगीवालीकडे बघून म्हणाल्या, "टाका मोठा घातलाय. किती वेळा सांगायचं?" आणि पिशवीतून कात्री काढून ती सरळ कॉलर उसवायला बसल्या.